युद्ध संपल्यावर देश पुन्हा उभा करायचा, तर सुरुवात कुठून?

मुसाफिर

युद्धाच्या बातम्या रोज वाचतो. कुठलं शहर पडलं, किती माणसं गेली, तह कधी होणार. पण तोफा थांबल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं? नळाला पाणी कोण सोडतं, ज्याचं घर गेलं तो कुठे जातो, आणि ज्याचं घर वाचलंय त्याने त्याच्यासाठी काय करायचं? गेले काही महिने याच विषयावर मिळेल ते वाचतोय.

हा विषय निघाला की लगेच मार्शल योजनेचं नाव येतं. १९४८ पासून चार वर्षांत अमेरिकेने पश्चिम युरोपला साधारण १३ अब्ज डॉलर दिले. पण त्यातला सर्वात मोठा वाटा ब्रिटनला मिळाला, पश्चिम जर्मनीला त्याहून बराच कमी. तरी सावरण्याचं उदाहरण म्हणून आपण जर्मनीकडेच बोट दाखवतो. म्हणजे नुसत्या पैशाने हिशोब लागत नाही.

मला जर्मनीतली सर्वात मोठी गोष्ट वाटते ती १९५२ च्या एका कायद्याची. नाव 'लास्टेनआउसग्लाइश', म्हणजे ओझ्याची वाटणी. बॉम्ब कोणाच्या छपरावर पडला हा नशिबाचा भाग होता. ज्यांची मालमत्ता वाचली, त्यांनी तिच्या १९४८ मधल्या किमतीच्या निम्मी रक्कम सरकारजमा करायची, मात्र तीस वर्षांच्या हप्त्यांनी. ते पैसे ज्यांचं सगळं गेलं त्यांना आणि पूर्वेकडून हाकलून दिलेल्या लाखो विस्थापितांना. हप्ते लांबवले म्हणून कोणाला घर किंवा कारखाना विकावा लागला नाही, उत्पन्नातून ते फिटत गेले.

झालेलं नुकसान कोणी किती सोसायचं, हे आधी ठरवावं लागतं असं माझं ठाम मत झालंय. ते टाळलं तर पुढचं सगळं बांधकाम कच्चं राहतं. तुम्हाला काय वाटतं? कुठल्या देशाकडून काय शिकण्यासारखं आहे?

निळावंती

धागा आवडला. सध्या वाचते आहे, सवडीने लिहीन.

पूलवाला

मुसाफिर, कायदा चांगला आहे, पण तो १९५२ चा. युद्ध संपलं १९४५ ला. मधली सात वर्षं लोक काय वाटणीची वाट बघत बसले होते का? मी बांधकामातला माणूस, मला पहिल्यांदा पाणी, वीज आणि रस्ता दिसतो.

हिरोशिमाचं बघा. ६ ऑगस्टला बॉम्ब पडला आणि ९ ऑगस्टला शहरातल्या एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा सुरू झाली. पुरुष सैन्यात गेलेले, म्हणून त्या काळात ट्रामवर शाळकरी मुली काम करत होत्या. त्या राखेत ट्राम चालताना बघून माणसाला काय वाटलं असेल! आपलं शहर अजून आहे, एवढं तरी त्याला नक्की कळलं असेल.

दुसरं उदाहरण शेजारच्या बांगलादेशातलं. पद्मेवरचा हार्डिंज पूल १९७१ च्या डिसेंबरात निकामी झाला, एक गाळा थेट नदीत. देशाच्या दोन भागांमधली रेल्वे त्यावर अवलंबून. भारतीय रेल्वेच्या मदतीने ऑक्टोबर १९७२ मध्ये त्यावरून पुन्हा गाडी गेली. पद्मेसारख्या नदीत, मध्ये एक अख्खा पावसाळा, आणि तरी दहा महिन्यांत. त्या नदीचा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे काय काम आहे ते कळेल.

आणि जर्मनीतल्या त्या बायका! ढिगाऱ्यात रांग करून हातोहात बादल्या पुढे द्यायच्या, एकेका विटेवरचा जुना चुना हातोडीने झाडायचा आणि अखंड वीट बाजूला रचायची. त्याच विटांची पुढे घरं झाली. बर्लिन त्यांनी साफ केलं.

खडूफळा

पूलवाला, तुमचा मुद्दा पटतो, फक्त बायकांच्या बाबतीत एक दुरुस्ती. इतिहास शिकवतो म्हणून राहवत नाही. बर्लिनमध्ये आणि सोव्हिएत भागात त्यांचं काम खरोखर मोठं होतं, पण बाकी जर्मनीत बराचसा ढिगारा यंत्रांनी आणि मजूर लावून कंत्राटदारांनी उचलला. शिवाय बर्लिनमधल्या कितीतरी जणी आल्या त्या जड कामाच्या शिधापत्रिकेवर जास्त शिधा मिळतो म्हणून. त्यांचं मोठेपण याने कमी होत नाही. पोरं घरी उपाशी असताना दिवसभर विटा झाडणं ही काय ताकद लागते! पण 'सगळा देश हसत कामाला लागला' हे चित्र नंतर रंगवलेलं आहे.

आता मुसाफिर यांच्या वाटणीबद्दल. १९५२ च्या कायद्यामागे १९४८ ची एक सल होती. २० जून १९४८ ला जर्मनीच्या पश्चिमेकडच्या तीन विभागांत नवं चलन आलं. माणशी ४० नवे मार्क हातात, नंतर आणखी २०. बँकेतल्या जुन्या १०० मार्कांचे शेवटी झाले साडेसहा. आणि ज्याच्याकडे घर, जमीन किंवा शेअर होते, त्याचं सगळं शाबूत! दडवलेला माल रातोरात दुकानांच्या काचेमागे आला, लोक डोळे विस्फारून बघत राहिले, पण आयुष्यभर पै पै साठवलेल्यांची साठवण गेली. हा अन्याय होता आणि तो सरकारलाही दिसत होता. तेव्हा १९५२ हा उशीर खरा, पण ती वाटणी करण्याचं वचन त्या चार वर्षांत सतत चर्चेत होतं. लोकांनी धीर धरला तो त्यामुळे.

पण माझं आवडतं उदाहरण जर्मनी नाही, फिनलंड. त्याचं नाव कोणी घेत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९४४ ला फिनलंड हरलेला. करेलिया हा प्रांत सोव्हिएत संघाकडे गेला आणि तिथली ४ लाखांहून जास्त माणसं उरलेल्या फिनलंडमध्ये आली. म्हणजे लोकसंख्येच्या साधारण १२ टक्के. वर ३० कोटी डॉलरची युद्धभरपाई डोक्यावर, तीही १९३८ च्या किमती धरून. मार्शल योजनेचे पैसे घ्यायचे तर मॉस्कोची नाराजी, म्हणून तेही नाकारले. इतक्या अडचणीतल्या देशाने १९४५ ला जमीन संपादनाचा कायदा केला. सरकारची, गावांची, कंपन्यांची आणि मोठ्या शेतकऱ्यांची जमीन घेऊन विस्थापितांना आणि परतलेल्या सैनिकांना दिली. छावण्यांत वर्षानुवर्षं कोणी सडलं नाही. जमेल तिथे एका गावची माणसं एकाच भागात वसवली, म्हणजे शेजार तोच राहिला. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण घर पुन्हा बांधता येतं, शेजार तसा बांधता येत नाही.

कुरबुरी झाल्याच. स्वीडिशभाषक भागांत ही वसाहत फारशी झाली नाही आणि त्यावर लोक चिडले. पण गाडी अडली नाही. भरपाई द्यायची होती ती जहाजं, यंत्रं, केबल अशा मालाच्या रूपात. तेवढी जहाजं बांधायला तेवढे कारखाने हवेत, ते उभारले. १९५२ मध्ये शेवटचा माल सीमेपलीकडे गेला तेव्हा देशाकडे नवा धातुउद्योग तयार होता.

नवखी

खडूफळा सर, फिनलंडचं हे काहीच माहीत नव्हतं! प्रतिसाद दोनदा वाचला.

एकांडा

हे सगळं त्या देशांचं, जिथे शत्रू बाहेरचा होता. माणसं आपसातच लढली असतील तर वाटणी कोण करणार आणि कोणाकडून घेणार?

शमा

एकांडा, नेमका हाच प्रश्न पडला होता. रवांडाबद्दल लिहिते.

१९९४ मध्ये साधारण शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी जमातीची. मारणारे कोण, तर हुतू जमातीचे शेजारी. युद्ध संपलं तेव्हा न्यायाधीश, वकील यातले बहुतेक मारले गेलेले किंवा परागंदा, आणि तुरुंगांत पुढे लाखावर कैदी. नेहमीच्या कोर्टांत हे खटले चालवायला शंभर वर्षं लागतील असा हिशोब तेव्हा मांडला जात होता. मग त्यांनी गावची जुनी पद्धत बाहेर काढली, 'गाचाचा'. नाव गवतावरून आलंय, कारण पूर्वी तंटे सोडवायला लोक गवतावर बसत. गावाने निवडलेली माणसं न्यायाला बसायची, सगळं गाव समोर. २००२ ला काही ठिकाणी सुरुवात, २००५ पासून देशभर, २०१२ ला बंद. साधारण १९ लाख खटले निघाले.

माझं मन यात दोन्हीकडे ओढलं जातं. एक बाई सगळ्या गावासमोर विचारते की माझ्या मुलाला कुठे पुरलंत ते सांगा, आणि समोरचा जागा दाखवतो. हे कुठल्या मोठ्या कोर्टात झालं असतं? पण आरोपीला वकील नाही, साक्षीदारांना धमक्या, जुन्या वैरातून खोटे आरोप, हेही झालं. आणि जिंकलेल्या तुत्सी बंडखोरांच्या सैनिकांनी केलेली हत्याकांडं त्या गवतावर आलीच नाहीत. ज्यांची माणसं त्यात गेली त्यांनी कुठे जायचं? म्हणून मला ते आदर्श म्हणवत नाही. तरी काहीच न करण्यापेक्षा लाख पटीने बरं, एवढं नक्की म्हणते.

सुभेदार

शमाताई, उत्तम लिहिलंत. एकांडा यांच्या प्रश्नाला माझ्याकडूनही थोडी भर.

मी १९९३-९४ ला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत मोझांबिकला होतो. आपली इंजिनिअर तुकडी तिथे होती. सोळा वर्षांचं यादवी युद्ध, ४ ऑक्टोबर १९९२ ला रोममध्ये करार. दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी ४९ ठरलेल्या केंद्रांवर जमायचं आणि शस्त्र खाली ठेवायचं असं ठरलं.

केंद्र म्हणजे तंबू, पाण्याची टाकी आणि रांगेत मांडलेली टेबलं. पहिल्या टेबलावर बंदूक. दुसऱ्यावर फोटो आणि ओळखपत्र. पुढे साधे कपडे, शिधा, बियाणं, अवजारं आणि शेवटी गावी जायची सोय. एक पोरगा आठवतो, विशीचा असेल. नाव लिहिता येईना. कारकुनाने विचारलं, धंदा काय? तो बराच वेळ गप्प. बारा वर्षांचा असल्यापासून रानात लढत होता. शेवटी म्हणाला, गुराखी. त्याआधी तो तेच करत होता. मिळालेली विजार कमरेला दोन वेढे बसतील एवढी मोठी, ती एका हाताने धरून दुसऱ्या हातातलं ओळखपत्र उलटसुलट करून बघत होता. मग माझ्याकडे आणून बोट ठेवलं, माझं नाव कुठलं? मी दाखवलं.

त्या पोराला पुढे दोन वर्षं पैसे मिळायचे होते. सहा महिने सरकारकडून, अठरा महिने देणगीदार देशांच्या निधीतून, आणि तेही त्याने निवडलेल्या जिल्ह्यातल्या बँकेत. मला यातली अक्कल फार आवडली. गावी राहिलास तर पैसे. पुन्हा रानात पळायचं कारण उरत नाही. जिथे पैसे किंवा गाड्या उशिरा आल्या त्या केंद्रांवर दंगे झाले, ते मी डोळ्यांनी पाहिलेत. माझ्या मते पहिलं काम हे: ज्याच्या हातात बंदूक आहे त्याला ती सोडल्यावर खायला काय, हे आधी सांगा.

मुसाफिर

सुभेदारकाका, असं काही वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार. 'गुराखी' या शब्दापाशी थांबलो.

एकांडा

सुभेदार यांच्या बोलण्यावरून इराक आठवलं. अमेरिकेने देश ताब्यात घेतल्यावर मे २००३ मध्ये तिच्या प्रशासनाचे एका आठवड्याच्या अंतराने दोन आदेश निघाले. एकाने सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातल्या लोकांना सरकारी नोकऱ्यांतून काढलं, दुसऱ्याने सगळं सैन्य बरखास्त केलं. लाखो सैनिक घरी, बंदूक जवळ, पगार बंद. महिन्याभराने थोडे पैसे द्यायचं ठरलं पण तोवर लोक रस्त्यावर उतरले होते. पहिल्या आदेशात साधे शिक्षकही गेले, कारण नोकरीसाठी पक्षात नाव घालावं लागे. शाळेत शिकवायला माणूस नाही आणि घरी बसलेला मास्तर चिडलेला. हे कोणीतरी आधी विचारात घ्यायला हवं होतं. राग येतो.

पूलवाला

सुभेदारसाहेब, सलाम. मोझांबिकचा विषय निघालाच आहे तर सुरुंगांबद्दल लिहायलाच हवं. रस्ता बांधायच्या आधी त्या जमिनीवर पाय ठेवता आला पाहिजे! मोझांबिक सुरुंगमुक्त जाहीर झाला सप्टेंबर २०१५ मध्ये, म्हणजे करारानंतर जवळजवळ तेवीस वर्षांनी. त्यात शिकवलेल्या मोठ्या उंदरांचाही हात होता. त्यांना स्फोटकांचा वास येतो आणि वजन इतकं कमी की सुरुंग फुटत नाही. लाओसवर तर १९६४ ते १९७३ मध्ये २० लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले, न फुटलेले गोळे शेतात अजून निघतात. पन्नास वर्षं होऊन गेली. पुनर्बांधणीच्या अंदाजपत्रकात हे कलम पहिल्या पानावर हवं.

ऋतुगंध

थोडं अवांतर, पण मला राहवत नाही. वास्तुकला शिकताना वॉर्सा आणि रॉटरडॅमवर खूप वाद घालायचो.

१९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी वॉर्सा ठरवून, घराघराला सुरुंग लावून पाडलं. शहराचा ८५ टक्क्यांच्या आसपास भाग गेला. पोलिश लोकांनी जुनं शहर जसंच्या तसं बांधायचं ठरवलं. त्यासाठी वापरली अठराव्या शतकात बेल्लोत्तो या चित्रकाराने काढलेली शहराची चित्रं आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी मापं घेऊन काढलेले नकाशे. हे नकाशे जीव धोक्यात घालून शहराबाहेर नेऊन पिओत्रकूफच्या एका मठात लपवले होते. सैनिक शहर जाळतायत आणि कोणीतरी खिडक्यांची मापं वाचवतंय! आजही वाचताना गळा दाटतो.

रॉटरडॅमने उलट केलं. १४ मे १९४० ला जर्मन बॉम्बहल्ल्यात शहराचा मध्य गेला आणि चार दिवसांत नव्या आराखड्याचं काम सुरू. जुनं परत आणायचं नाही, नवं शहर करायचं. १९५३ ला फक्त पायी चालणाऱ्यांसाठी बाजाररस्ता केला, तो जगभर नावाजला गेला. पूर्वी मी रॉटरडॅमच्या बाजूने भांडायचे. आता वाटतं, ज्यांचं अस्तित्वच पुसायचा डाव होता त्यांनी ते होतं तसंच परत उभं केलं यात मोठा अर्थ आहे.

नवखी

ऋतुगंध, अवांतर अजिबात नाही!

शमा

बॉस्नियातल्या मोस्तारचा पूलही असाच. १९९३ च्या नोव्हेंबरात तोफांनी पाडला, २००४ ला त्याच पद्धतीने पुन्हा बांधला. पण पूल झाला म्हणून दोन काठ एक झाले का? बॉस्नियात अजून अशा शाळा आहेत जिथे एका इमारतीत दोन शाळा भरतात, क्रोएट मुलं वेगळी, बोस्नियाक म्हणजे मुसलमान मुलं वेगळी. १९९५ च्या डेटन कराराने लढाई थांबवली, ते मोठंच काम. पण सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक अशा तीन समाजांचे तीन राष्ट्राध्यक्ष ही सोय कायमची होऊन बसली.

एक साधी गोष्ट मात्र फार परिणामकारक ठरली. युद्धानंतर गाडीच्या नंबरप्लेटवरून कळायचं की तुम्ही कुठल्या बाजूचे. पलीकडे गेलात की गाडी अडवणार, मार खाणार. १९९८ मध्ये सगळ्या देशाला एकच प्लेट आली, आणि अक्षरं निवडली ती लॅटिन आणि सिरिलिक दोन्ही लिप्यांत सारखी दिसणारी: ए, ई, जे, के, एम, ओ, टी. गावाचं नाव नाही, लिपीवरून ओळख नाही. लोक न घाबरता पलीकडे जाऊ लागले, आपलं जुनं घर बघून यायला लागले. घरांवरचे हक्क परत मिळवायचे दावे पुढे दोन लाखांच्या वर गेले आणि बहुतेक निकालात निघाले. पलीकडे जाताच आलं नसतं तर त्या हक्काच्या कागदाचा काय उपयोग होता?

निळावंती

सवड मिळाली. सगळे देश, करार, पूल वाचले. मला घरातल्या पोराबाळांबद्दल लिहायचंय. १९७१ ला पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट जात होती आणि सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं, आणि मृत्यू एकदम कमी झाले. पुढे बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने, जी १९७२ ला परतलेल्या निर्वासितांना हात द्यायला फजले हसन आबेद यांनी सुरू केली, १९८० पासून दहा वर्षं घरोघरी बायका पाठवून हेच शिकवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एक कोटीहून जास्त घरं. शिकवणारीचा पगार आईला नंतर किती आठवतंय त्यावर ठरायचा! म्हणजे नुसतं सांगून पळता येत नव्हतं.

त्या देशात तेव्हा दवाखाने बांधायला पैसे नव्हते. आयांच्या हातात होतं तेच त्यांनी वापरलं. पुनर्बांधणी म्हणताना हे कोणी मोजत नाही याचं वाईट वाटतं.

खडूफळा

निळावंती, हे वर्गात सांगणार आहे.

मूळ प्रश्नाकडे यायचं तर जपान राहिला. १९४६ नंतर तिथे दूर राहणाऱ्या जमीनदारांची सगळी आणि गावातल्या जमीनदाराची साधारण एक हेक्टरच्या वरची कुळाची जमीन सरकारने घेतली आणि कुळांना विकली. होक्काइदोत मर्यादा जास्त होती. महागाई इतकी वाढली की कुळाला ती जवळजवळ फुकट पडली. कुळांकडून कसली जाणारी जमीन ४६ टक्क्यांच्या आसपास होती, ती १० वर आली. मुसाफिर यांचा मुद्दा इथे खरा ठरतो.

आणि उलटं उदाहरण अमेरिकेचंच. तिथलं यादवी युद्ध संपत आलं तेव्हा, १८६५ ला, मुक्त झालेल्या गुलामांना चाळीस-चाळीस एकर द्यायला सुरुवात झाली होती. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत देववली. १८७७ ला दक्षिणेतल्या राज्य सरकारांमागचं केंद्रीय सैन्यही निघालं. पुढची जवळजवळ नव्वद वर्षं तिथल्या काळ्या लोकांचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे.

एकांडा

लेबनॉनही घाला त्यात. १९७५ ते १९९० यादवी. १९९१ ला जवळजवळ सर्वांना माफी आणि टोळ्यांचे म्होरके मंत्री. बैरुतचा मध्यभाग एका खाजगी कंपनीकडे, मूळ मालकांना जागेऐवजी शेअर. चकचकीत चौक झाले आणि बाकी देशाची वीज कधी नीट झालीच नाही. सगळं कर्जावर, २०२० ला ते फेडणं थांबलं. जखम झाकली, आत पू तसाच. मुसाफिर, सुरुवातीला शंका घेतली होती, पण या उदाहरणापुरतं तुमचं म्हणणं मान्य.

मुसाफिर

एकांडा, आणि मी तुमच्याकडून, सुभेदारकाकांकडून शिकलो की वाटणीचा कागद काढायला आधी कोणीतरी बंदूक खाली ठेवलेली लागते. आणि पूलवाला, पाण्याचा आणि रस्त्याचा मुद्दा पूर्ण मान्य. माझ्या लेखात तो क्रम चुकला होता.

मार्शल योजनेबद्दलही मी घाईने लिहिलं. खडूफळा सरांचं चलनबदलाचं वाचून पुन्हा शोधलं. अमेरिकेतून कापूस किंवा यंत्र आलं की आयात करणारा जर्मन त्याची किंमत मार्कमध्ये भरायचा. ते मार्क अमेरिकेला जात नसत, एका निधीत साठत. त्यातून १९४८ ला स्थापन झालेल्या पुनर्बांधणी बँकेमार्फत खाणी, वीजकेंद्रं, घरं यांना कर्ज. कर्ज फिटलं की तोच पैसा पुढच्याला. शिवाय १९५३ च्या लंडन करारात जर्मनीवरचं जुनं कर्ज जवळजवळ निम्मं माफ झालं. १९२१ ला त्याच देशावर पहिल्या महायुद्धाची भरपाई म्हणून १३२ अब्ज सुवर्ण मार्क लादले होते, तेव्हाचं काय झालं ते खडूफळा सरांनी लिहावं.

नवखी

म्हणजे तो निधी नंतर बंद झाला का?

मुसाफिर

नाही, अजून चालू आहे. नवा धंदा काढणाऱ्यांना त्यातून आजही कर्ज मिळतं.

खडूफळा

१९२१ वर वेगळा धागा काढतो, इथे मावणार नाही. रविवारी लिहीन.